तिसऱ्या पेडलची उमेदवारी

रविवारी सकाळी पाम बीच मार्गावर फिरायला जाणाऱ्या नवी मुंबईकरांना काही आवाज आता पाठ झाले आहेत. खाडीच्या बाजूने तिवरांतून येणारे पक्ष्यांचे आवाज, सायकलवाल्यांच्या टोळक्यांची बडबड आणि मधेच कुठून तरी लांबून सुरू होऊन अंगावर येणारा, बघता बघता बेलापूरच्या दिशेने विरून जाणारा एखाद्या स्पोर्ट्‌स कारचा आवाज. कान थोडा तयार असेल तर त्या आवाजावरून गाडीचे कूळ सांगता येते. आवाज चढत गेला, क्षणभर दम खाऊन खाली आला आणि पुन्हा चढू लागला, तर समजावे की आत बसलेल्या माणसाने पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलला. आवाज मधे तुटलाच नाही, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नुसती उडी मारून गेला, तर समजावे की गिअर यंत्राने बदलला. आणि आवाजच नसेल, नुसता वाऱ्याचा झोत अंगावरून गेला, तर गाडी विजेवर चालणारी. यांतला पहिला आवाज दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे.

कोट्यवधी रुपयांच्या गाड्यांतला गिअर हाताने बदलायचा की यंत्राने, हा वाद ज्यांना परवडतो त्यांनी घालावा, आपला त्यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. मीही काही अशा गाडीचा मालक नाही. बँकेतल्या नोकरीत कर्जाच्या अर्जांवर मी जितक्या मोटारी पाहिल्या, तितक्या आयुष्यात चालवल्या नाहीत. पण हा वाद त्या गाड्यांपुरता उरलेला नाही. शो-रूममध्ये नवी गाडी बघायला गेलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे आज तोच प्रश्न ठेवला जातो: ‘मॅन्युअल की ऑटोमॅटिक?’ आणि त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडला आहे. तो गाडीत बसणाऱ्यांइतकाच रस्त्याने पायी चालणाऱ्यांचाही आहे.

आधी गिअर म्हणजे काय ते बघू. गिअरच्या सायकलवरून ज्याने चढ चढला असेल त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. चढावर हलका गिअर घ्यायचा, पाय भराभर चालवायचे, वेग थोडा मिळतो पण जोर मिळतो. सपाटीवर जड गिअर घ्यायचा, पाय सावकाश चालतात आणि सायकल पळते. जोर आणि वेग यांचा हा सौदा आहे. एक वाढवायचा तर दुसरा सोडायचा. पेट्रोलच्या इंजिनाला हा सौदा सतत करावा लागतो, कारण फार हळू फिरताना त्याच्या अंगात बळ नसते. आणि सौदा बदलताना इंजिन व चाके यांची क्षणभर ताटातूट करावी लागते. ते काम क्लचचे. म्हणून तीन पेडले: वेगासाठी एक, थांबण्यासाठी एक आणि ताटातुटीसाठी तिसरे.

आमच्या पिढीने हे सारे बहुधा फियाटवर शिकून घेतले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली ती गाडी. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. तिच्या गिअरचा दांडा खाली नव्हे, तर स्टिअरिंगला लागून असे आणि तो नेमका कुठे अडकतो, कुठे सरकतो हे प्रत्येक गाडीगणिक वेगळे असे. शिकणाऱ्याची गाडी पहिल्या दिवशी दहा वेळा बंद पडायची. क्लच लवकर सोडला की आचका देऊन बंद, उशिरा सोडला की इंजिन नुसते आरडाओरडा करणार. चढावर तर परीक्षाच. एक पाय क्लचवर, दुसरा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर न्यायचा, तेवढ्यात गाडी मागे घरंगळू द्यायची नाही आणि मागच्या टॅक्सीवाल्याचा हॉर्न कानावर घ्यायचा नाही. बेलापूरच्या पारसिक हिलवर गाडी थांबवून पुन्हा चढवून दाखवली की शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडे समाधान दिसे.

घाटात या शिक्षणाला खरा अर्थ यायचा. खंडाळ्याच्या घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा एक साधा नियम होता: ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये तो उतरा. खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली की इंजिनच तिला मागून धरून ठेवते आणि ब्रेकवर भार येत नाही. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडून घाट उतरणाऱ्या ट्रकची काय गत होते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. नुसत्या ब्रेकवर सगळा भार पडतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. गिअर ही केवळ वेग वाढवण्याची वस्तू नाही, वेग ताब्यात ठेवण्याचीही आहे, हे घाट शिकवतो.

आता या दांड्याला स्पोर्ट्‌स कारमधून कोणी हद्दपार केले ते पाहू. स्वयंचलित गिअर तसे जुने आहेत. अमेरिकेत १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्‌समोबील गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स मिळू लागला होता. त्यातली युक्ती घरच्या घरी समजण्यासारखी आहे. टेबलावर समोरासमोर दोन पंखे ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही सावकाश फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आले की इंजिनाचा जोर क्लचवाचून चाकांकडे जातो. प्रवास मऊसूत होतो, पण थोडी शक्ती त्या तेलातच वाया जाते आणि प्रतिसादही थोडा आळशी असतो. त्यामुळे शर्यतीच्या शौकिनांनी या प्रकाराकडे कित्येक वर्षे तुच्छतेनेच पाहिले. ऑटोमॅटिक म्हणजे आरामाची गाडी, खरी गाडी म्हणजे हातातल्या गिअरची, असा त्यांचा खाक्या होता.

तो १९८९मध्ये मोडला. फेरारीने त्या वर्षीच्या फॉर्म्युला वन हंगामासाठी जॉन बर्नार्ड या इंग्रज अभियंत्याने रचलेली गाडी आणली. तिच्यात गिअरचा दांडाच नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती; एक बोटाने ओढले की वरचा गिअर, दुसरे ओढले की खालचा. क्लच दाबणे आणि दात जुळवणे ही कामे यंत्र करी. ते प्रकरण इतके नाजूक होते की गाडी पहिली शर्यत पुरी करील याची खुद्द संघातल्या लोकांनाही खात्री नव्हती. मार्चमध्ये ब्राझीलला झालेली ती पहिली शर्यत नायजेल मॅन्सेलने जिंकली! पुढे त्या हंगामात गाडी अनेकदा वाटेतच बंद पडली, पण दिशा ठरून गेली. काही वर्षांत शर्यतीतल्या सगळ्या संघांनी दांडा सोडला. १९९७मध्ये फेरारीने तीच पाती रस्त्यावर चालणाऱ्या ‘एफ ३५५’ गाडीला लावली. त्या यंत्रणेमागे मॅग्नेती मारेली ही इटालियन कंपनी होती.

हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण २०१४मध्ये मारुतीने भारतात सेलेरिओ ही छोटी गाडी काढली आणि तिच्यात स्वस्तातला स्वयंचलित गिअर दिला, तोही मॅग्नेती मारेलीच्याच तंत्राचा. तत्त्व तेच: गिअरबॉक्स नेहमीचा, क्लचही नेहमीचा, फक्त तो दाबायला माणसाच्या पायाऐवजी एक यांत्रिक पाय. साध्या गाडीपेक्षा किंमत सुमारे चाळीस हजारांनी जास्त. गिअर बदलताना गाडी किंचित मान डोलावते, याची बसणाऱ्यांना हळूहळू सवय होते. सानपाड्याच्या किंवा खारघरच्या एखाद्या सोसायटीत उभी असलेली ती छोटी गाडी आणि इटलीतली फेरारी यांचे नाते असे चुलत-आत्याचे का होईना, पण रक्ताचे आहे. नव्वदीच्या दशकात बँकेत आलेल्या मोटारकर्जाच्या एकाही अर्जावर मी ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द पाहिल्याचे आठवत नाही. आज तो शब्द मध्यमवर्गाचा झाला, तो शर्यतीच्या रस्त्याने फिरून आला.

यानंतर आणखी एक करामत झाली. एकाऐवजी दोन क्लच बसवायचे, एकावर एक-तीन-पाच हे गिअर आणि दुसऱ्यावर दोन-चार-सहा. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा आधीच तयार ठेवलेला असतो, हुकूम आला की नुसती अदलाबदल. बँकेच्या काउंटरवरचा तरबेज कॅशिअर एका टोकनचे पैसे देता देता पुढच्या टोकनची रक्कम मोजून बाजूला ठेवतो, तसे. २००३मध्ये फोक्सवॅगनने ही पद्धत बाजारातल्या गाडीत आणली. २००५च्या बुगाती वेरॉनपासून २००७च्या निसान जीटी-आरपर्यंत अतिवेगवान गाड्यांनी ती उचलली. कितीही कसबी माणूस असला तरी या यंत्राइतक्या झपाट्याने तो गिअर बदलू शकत नाही. तेव्हा कोणता प्रकार अधिक वेगवान, हा वाद संपला आहे. यंत्र जिंकले आणि निर्विवाद जिंकले.

गंमत त्यानंतरची आहे. २०१३मध्ये पोर्श कंपनीने ‘९११ जीटी३’ या आपल्या नामांकित गाडीची नवी आवृत्ती आणली ती फक्त स्वयंचलित गिअरची. गाडी आधीपेक्षा वेगवान होती, तरी जुने भक्त रुसले. २०१६मध्ये कंपनीने ‘९११ आर’ नावाच्या बरोबर ९९१ गाड्या काढल्या, सगळ्या हाताने गिअर टाकायच्या. त्या हातोहात गेल्याच, वर जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकल्या जाऊ लागल्या. पुढच्याच वर्षी जीटी३मध्ये हाताचा गिअर पुन्हा मिळू लागला. टोयोटाची सुप्रा २०१९मध्ये फक्त ऑटोमॅटिक म्हणून आली, तिलाही २०२२मध्ये तिसरे पेडल द्यावे लागले. १९९२च्या मॅक्लारेन एफ-१ गाडीचे जनक गॉर्डन मरी यांनी २०२०मध्ये ‘टी-५०’ ही नवी गाडी जाहीर केली, शंभरच गाड्यांची, आणि तिच्यातही दांडा हातानेच हलवायचा. ज्यात सोय कमी आणि वेगही कमी, त्या वस्तूला बाजार जास्त भाव देतो आहे, हे पाहून बँकवाल्याच्या भुवया उंचावणारच!

यापुढचा प्रकार तर आणखी मजेचा. विजेच्या मोटारीला बहुतेक वेळा गिअर लागतच नाहीत. तिच्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर असतो. तरीही ह्युंदाईने २०२३मध्ये ‘आयोनिक ५ एन’ ही विजेची वेगवान गाडी आणली, तेव्हा तिच्यात खोटे गिअर बसवले. पाते ओढले की गाडी लटकाच आचका देते आणि ध्वनिवर्धकातून इंजिनाचा आवाज ऐकवते. दिवाळीत गॅलरीत लावलेल्या, ज्योत थरथरल्याचा आव आणणाऱ्या विजेच्या पणत्या आठवतात.

हे सगळे केवळ शौकिनांचे चोचले आहेत का? मला तसे वाटत नाही. ही माणसे वेग विकत घेत नाहीत, वेग तर त्यांना कमी मिळतो. ती विकत घेतात आपला त्या कामातला वाटा. गाडीने आपल्याकडून काही तरी मागावे, आपण ते द्यावे आणि मगच तिने पळावे, या व्यवहाराला ती किंमत मोजतात. यंत्राने माणसाला मोकळे केले की काही दिवसांनी माणसाला चुकल्याचुकल्यासारखे होते, त्यातलाच हा प्रकार.

पण येथे थांबून दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हे ‘गेले ते दिन’ छापाचे लेखन होईल. वाशीच्या खाडीपुलावर संध्याकाळच्या गर्दीत तासभर अडकलेल्या माणसाला तिसऱ्या पेडलाचे कौतुक सांगून बघा. गुडघे दुखणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना डाव्या पायाची ही सुटका वरदान वाटते. ज्याचा एक पाय निकामी आहे, ज्याला केवळ हातांनी गाडी चालवायची आहे, त्याच्यासाठी तर ऑटोमॅटिक म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहणे आहे. सोयीला नाके मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही. विहिरीचे पाणी शेंदण्याने दंड भरतात हे खरे असले, तरी त्यासाठी कोणी घरातला नळ बंद करत नाही.

माझा मुद्दा निराळा आहे. तिसरे पेडल जे काम उघडपणे करत होते ते आता यंत्र करते आणि उत्तम करते. पण ते आणखी एक काम गुपचूप करत होते. ते माणसाकडून उमेदवारी करून घेत होते. जोरदार इंजिनाची गाडी नवशिक्याच्या हाती पडली, तर पहिल्या सिग्नललाच आचका देऊन बंद पडे, चारचौघांत त्याची शोभा करी. तिची सगळी ताकद एकदम हाती येत नसे. घर बांधण्यासाठी कर्ज घेणाऱ्याला बँक सगळी रक्कम पहिल्या दिवशी देत नाही. जोत्यापर्यंत काम आले की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा; प्रत्येक वेळी अधिकारी जागेवर जाऊन काम बघून येतो. त्यात कर्जदाराचा अपमान नसतो, उलट त्याचेच हित असते. गिअर टाकणाऱ्या मोटारीची शक्तीही अशीच हप्त्याहप्त्याने, काम बघून मिळत असे. आजची अतिवेगवान गाडी सगळी रक्कम पहिल्याच दिवशी, काही न विचारता हातावर ठेवते. दोन पेडले, एक बटण आणि एक उजवा पाय, बस्स. तो पाय कोणाचा आहे, हे ती बघत नाही.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. विजेवर चालणाऱ्या पोर्श तायकानने मोटारसायकलवरच्या दोघा तरुण अभियंत्यांना उडवले. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेली चोविशीतली ती दोन मुले गेली. गाडी चालवणारा, पोलिसांच्या म्हणण्यानुसार, सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, त्यावरून देशभर संताप उसळला. त्यानंतरच्या घडामोडींची येथे उजळणी करत नाही; न्यायप्रक्रिया तिच्या गतीने चालेल. मला त्यातली एक लहानशी गोष्ट लागून राहिली. या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क भरले नाही म्हणून अपुरी राहिली होती, असे परिवहन खात्यानेच तेव्हा सांगितले होते. आयुष्यभर कागद तपासलेल्या माणसाला अशा आकड्यापाशी थांबावेच लागते. एवढी मोठी गाडी आणि एवढा लहान कागद अपुरा!

गिअर हाताने टाकायचा असता तर त्या दोघांचे प्राण वाचले असते, असे मी म्हणणार नाही. ते कोणालाही सांगता येणार नाही आणि तसे म्हणणे दोष असलेल्या माणसांना सोडून निर्जीव यंत्राला पकडण्यासारखे होईल. बापाच्या खिशातून किल्ली काढून फियाट पळवणारे चिरंजीव आमच्या काळीही होते. पण त्या फियाटच्या अंगात अश्वशक्ती असे चाळीसेक. तिला पळवायला आधी शिकावे लागे आणि शिकूनही ती फारशी पळत नसे. असे दोन पहारेकरी दाराशी होते. आज दोघेही गेले. तायकानच्या सर्वांत साध्या प्रकारालाही शून्यावरून शंभरावर जायला सुमारे पाच सेकंद लागतात आणि सर्वांत तेज प्रकाराला तीन सेकंदही लागत नाहीत. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे तर आपण शाळेतच शिकलो. हे गणित पायाला आपोआप कळत नाही, ते कोणीतरी शिकवावे लागते.

मग गाडीने जे विचारणे सोडून दिले ते आता कोणी विचारायचे? पहिले उत्तर अर्थातच कायद्याचे. आपला १९८८चा मोटार वाहन कायदा दुचाकींच्या बाबतीत चांगला जागरूक आहे. गिअर नसलेली दुचाकी आणि गिअर असलेली दुचाकी असे परवान्याचे दोन वेगळे वर्ग त्यात आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतचीच दुचाकी चालवता येते, पुढच्या वाहनांसाठी अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. म्हणजे स्कुटीवरून मोटारसायकलवर जाताना पायरी आहे. चारचाकीपाशी मात्र ही शिडी संपते. ‘हलके मोटार वाहन’ असा एकच वर्ग. शिकाऊ परवान्याचे तीस दिवस भरले, आर.टी.ओ.च्या मैदानात एखादी छोटी गाडी पुढे-मागे करून दाखवली, की त्याच परवान्यावर दुसऱ्या दिवशी सहाशे अश्वशक्तीची गाडी घेऊन पाम बीचवर उतरायला कायद्याची हरकत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला मॅन्युअल चालवता येत नाही. तेथे निदान दोन कसबांत फरक केला जातो. पण खरी गरज गिअरवरून नव्हे, ताकदीवरून फरक करण्याची आहे.

तसे करणारे देश आहेत. खुद्द इटलीत, जेथे फेरारी आणि लॅम्बोर्गिनी जन्म घेतात, तेथे नव्याने परवाना मिळालेल्याला सुरुवातीची काही वर्षे ठरावीक ताकदीपलीकडची मोटार चालवता येत नाही. जो देश या गाड्या बनवतो तोच आपल्या मुलांना सांगतो, की थांब, आधी लहान गाडीवर हात बसू दे. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१९मध्ये एका लॅम्बोर्गिनीच्या धडकेत पंधरा वर्षांची मुलगी गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२४पासून तेथे अतिशक्तिमान गाड्यांसाठी वेगळा परवाना आणि त्यासाठी वेगळे शिक्षण सक्तीचे झाले. त्यांची मर्यादा इतकी वरची आहे, की पुण्यातली गाडी बहुधा तिच्यात बसली नसती. आपल्याला ती आपल्या रस्त्यांप्रमाणे ठरवावी लागेल. पण टप्प्याटप्प्याने परवाना देणे ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. आर.टी.ओ.च्या संगणकात गाडीची ताकद नोंदलेली असतेच.

आपल्या कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने एक कडक कलमही आले आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशी उलटेपर्यंत परवाना मिळत नाही. कलम चांगले आहे. पण ते गुन्हा घडल्यानंतर जागे होते. तिसरे पेडल आधी जागे असायचे.

म्हणून दुसरे आणि अधिक महत्त्वाचे उत्तर घराचे आहे. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीवर २००३च्या सुमारास आयात शुल्कावरून बरीच चर्चा झाली आणि मराठी घराघरांत फेरारी हे नाव पोहोचले. २०१२मध्ये ‘फेरारी की सवारी’ हा हिंदी चित्रपट आला. त्याचा नायक आर.टी.ओ.मधला साधा पारशी कारकून. चुकून सिग्नल मोडला गेला तर तो आपण होऊन पोलिसाकडे जाऊन दंड भरतो, कारण मागे बसलेला त्याचा मुलगा बघत असतो. लाल फेरारीपेक्षा त्या चित्रपटातली ही जुनी स्कूटरच मला मोठी वाटते. मूल गाडी चालवायला अठराव्या वर्षी नाही शिकत. ते चौथ्या-पाचव्या वर्षापासून मागच्या सीटवर बसून शिकत असते. बाबा पिवळ्या दिव्याला थांबतात की वेग वाढवतात, आई फोन आला की गाडी बाजूला घेते की तशीच बोलत राहते, उलट्या बाजूने येणाऱ्या रिक्षाला वाट देताना घरात कोणती भाषा वापरली जाते, या सगळ्याची नोंद होत असते.

नव्या गाडीची किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हाती देताना आपण पेढे वाटतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच दिवशी आणखी दोन-चार गोष्टी ठरवता येतील. पहिले वर्ष रात्री अकरानंतर एकट्याने गाडी न्यायची नाही. द्रुतगती मार्गावर पहिल्या पाच फेऱ्या घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून करायच्या. घाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा. ऑटोमॅटिक गाडीतही त्यासाठी सोय असते, ती कुठे आहे ते आधी शोधून ठेवायचे. शक्य असेल तर शिकताना मॅन्युअलवर शिकायचे, मग पुढे हवी ती चालवावी. परवाना हाती येण्यापूर्वी किल्ली नाही, मग हट्ट कितीही होवो आणि शेजारच्या मुलाला त्याच्या वडिलांनी कोणतीही गाडी दिलेली असो. यांतली एकही गोष्ट खर्चाची नाही. फक्त एकदा ‘नाही’ म्हणावे लागते आणि म्हटल्यावर त्यावर टिकून राहावे लागते. आजच्या घरात तेच महाग झाले आहे, याची मला कल्पना आहे.

स्पोर्ट्‌स कारमध्ये दांडा राहील की जाईल, हे शेवटी बाजार ठरवील. काही हौशी मंडळी त्यासाठी जादा पैसे मोजत राहतील, बाकीच्या जगाला दोन पेडले पुरतील आणि पुढेमागे कदाचित गाडी आपली आपणच चालेल. तोवर मधला हा काळ मात्र जपून काढण्याचा आहे. गाडीत शक्ती भरपूर आली आहे आणि ती वापरणाऱ्याला प्रश्न विचारणारे कोणी उरलेले नाही. पूर्वी ते काम लोखंडाचा एक तुकडा करायचा. आता ते आईबापांनी आणि कायद्याने वाटून घ्यायला हवे. कारण ती गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, याच्याशी समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला काहीच कर्तव्य नसते. त्याला पलीकडे पोहोचायचे असते.